लॅक ओपेरॉनच्या जोडीला यीस्टचे उदाहरण हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जनुकांचे नियमन समजावण्यासाठी बारावीच्या जीवशास्त्रात वर्षानुवर्षे लॅक ओपेरॉनचे, म्हणजे लॅक्टोज ही साखर वापरण्यासाठी लागणाऱ्या आणि एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या गटाचे, उदाहरण शिकवले जाते. ते उत्तमच आहे; परंतु ते ई. कोलाय या जिवाणूचे आहे, आणि माणसाच्या पेशीतही असेच घडत असणार, असे गृहीत धरून मुले पुढच्या वर्गांत येतात. पदवीच्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शिकवताना प्रत्येक नव्या तुकडीत मला हा समज आढळला. म्हणून लॅक ओपेरॉनला लागूनच यीस्टमधील जनुके चालू करणाऱ्या गॅल४ या प्रथिनाची माहिती पाठ्यपुस्तकात यावी, अशी आग्रहाची सूचना मी या पत्रातून करत आहे.

जिवाणूत जनुकाची आरएनए प्रत काढणारे आरएनए पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) सिग्मा या घटकाच्या मदतीने जनुकाची सुरुवात स्वतः ओळखते, आणि वाटेत बसलेला रिप्रेसर, म्हणजे अडवणारे प्रथिन, दूर झाला की प्रतिलेखनाचा, म्हणजे ही प्रत काढण्याचा, मार्ग मोकळा होतो. यीस्टचा आणि आपला डीएनए मात्र हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि आरएनए पॉलिमरेज २ या बारा उपघटकांच्या विकराला आपली जागा एकट्याने सापडत नाही. तेथे नुसता अडसर काढून भागत नाही, तर कोणीतरी नेमक्या जनुकापाशी जाऊन बसावे लागते आणि बाकीच्या यंत्रणेला तेथे बोलावून घ्यावे लागते. हे काम करणाऱ्या प्रथिनांपैकी फार मोठा गट जस्ताच्या आधाराने डीएनए ओळखतो.

अशी रचना प्रथम बेडकाच्या टीएफ३ए या प्रथिनात लक्षात आली. साधारण तीस अमिनो आम्लांचा एकेक तुकडा, त्यातील दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून धरून ठेवलेला जस्ताचा एक आयन, असे तिचे स्वरूप ॲरन क्लूग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडले, आणि त्यातूनच पुढे ‘झिंक फिंगर’ हे नाव रूढ झाले. येथे जस्तच का, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. लोह आणि तांबे पेशीत इलेक्ट्रॉनांची देवघेव करतात आणि त्यातून डीएनएला इजा करणारे रेणू तयार होऊ शकतात. जस्त तशी देवघेव करत नाही, ते केवळ प्रथिनाची घडी घट्ट धरून ठेवते.

गॅल४ मधील रचना याहून थोडी वेगळी आहे. तेथे सहा सिस्टीन मिळून जस्ताचे दोन आयन धरतात, त्यामुळे तिला काटेकोरपणे ‘झिंक क्लस्टर’ म्हणतात. ही रचना प्रामुख्याने कवकवर्गातच आढळते. गॅल४ चे दोन रेणू जोडीने काम करतात आणि सतरा बेसजोड्यांची जागा ओळखतात, जिच्या एका टोकाला सीजीजी, दुसऱ्या टोकाला सीसीजी ही अक्षरे असतात आणि मध्ये अकरा बेसजोड्यांचे अंतर असते. गॅलॅक्टोज ही साखर वापरण्यासाठी लागणाऱ्या गॅल१ आणि गॅल१० या शेजारच्या जनुकांच्या मधल्या भागात अशा चार जागा आहेत. गॅलॅक्टोज नसताना गॅल८० हे प्रथिन गॅल४ चे शेपूट, म्हणजे बाकीच्या यंत्रणेला बोलावणारा त्याचा टोकाचा भाग, झाकून ठेवते. गॅलॅक्टोज आले की गॅल३ हे प्रथिन गॅलॅक्टोजला बांधले जाते आणि त्यामुळे गॅल८० ची पकड सुटते. मोकळे झालेले शेपूट सागा आणि मेडिएटर हे प्रथिनसमूह खेचून आणते, त्यांच्या साहाय्याने पॉलिमरेज जनुकाच्या आरंभी स्थिरावते आणि प्रतिलेखन सुरू होते.

यातील सर्वांत सुंदर भाग १९८५ च्या एका प्रयोगाने उघड केला. रॉजर ब्रेंट आणि मार्क टाशनी यांनी गॅल४ चा जस्ताचा भाग काढून तेथे लेक्सए या जिवाणू-प्रथिनाचा डीएनए ओळखणारा भाग जोडला. लेक्सएची जागा जनुकाच्या अलीकडे बसवताच ते संकरित प्रथिन यीस्टमध्ये जनुक सुरू करू लागले. म्हणजे जस्ताचा भाग पत्ता शोधतो आणि प्रत्यक्ष बोलावणे शेपटाकडून जाते, हे स्पष्ट झाले. याच तत्त्वावर १९८९ मध्ये स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी दोन प्रथिने एकमेकांना चिकटतात की नाही हे तपासण्याची पद्धत उभी केली, जी आजही जगभर वापरात आहे.

डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलांना हे दूरचे वाटू नये. कॅन्डिडा ग्लॅब्राटा या रोगकारक यीस्टमध्ये पीडीआर१ या, गॅल४ च्याच कुळातील प्रथिनात काही बदल झाले, तर औषध बाहेर फेकणाऱ्या पंपांची जनुके जोमाने चालू राहतात आणि फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाचा उपयोग होईनासा होतो.

पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या मंडळींनी पुढील आवृत्तीत निदान एक पान यासाठी द्यावे आणि त्यावर दोन आकृत्या शेजारी-शेजारी छापाव्यात: एकीकडे गॅल८० ने झाकलेले, डीएनएवर नुसते बसून असलेले गॅल४, आणि दुसरीकडे गॅलॅक्टोज आल्यानंतर पॉलिमरेजला बोलावून घेणारे तेच गॅल४.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक