बेल्ट सोडू नकोस

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी रात्री सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडलो, ते चुकलंच. तुझी आई तीन दिवस तेच ऐकवते आहे. तू ट्रेलर जोडून न बोलता निघालास आणि मी पिटमध्ये दिवे जाईपर्यंत तुझ्या स्प्रिंट कारच्या, त्या मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाडीच्या, वाकलेल्या पुढच्या चाकाची माती खरवडत बसलो. चाक कामाचं राहिलेलं नाही, तरी खरवडत होतो.

शर्यतीत त्या दुसऱ्या गाडीवाल्यानं तुला भिंतीत दाबलं, हे मीही पाहिलं. स्लाइड जॉब मारायला, म्हणजे आतून घसरत येऊन तुझ्या पुढ्यात घुसायला, त्याच्याकडे जागाच नव्हती. तुझा राग खरा आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण तू बेल्ट सोडलेस, स्टिअरिंग काढून फेकलंस आणि बोट रोखत ट्रॅकच्या मध्यापर्यंत चालत गेलास. दुसऱ्या की तिसऱ्या क्रमांकाची गाडी तुझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. तुला ती दिसलीसुद्धा नाही. मला दिसली.

पिवळा झेंडा म्हणजे गाड्या सावकाश झाल्या, थांबल्या असं नाही, हे मी तुला काय शिकवू? गाडीच्या डोक्यावरच्या विंगच्या उजव्या पत्र्यामुळे त्या बाजूचं धड दिसत नाही, पुढे इंजिन आडवं येतं, व्हायजरवर चिखल, आरसा नाही, हे तूच मला सांगितलेलं. उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा मोठं, त्यामुळे हळू चालवताना गाडी आपली डावीकडे ओढत राहते. वळवायची तर थ्रॉटल द्यावा लागतो आणि दिला की मागचा भाग सुटतो. समोर माणूस उभा असताना हे सगळं त्यानं कधी करायचं? आणि तुझा सूट काळा. मी निळा घे म्हटलं होतं. असो.

2014 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यात, कॅनन्डेग्वाच्या ट्रॅकवर केव्हिन वॉर्ड असाच गाडीतून उतरला होता. वीस वर्षांचा. सूट काळा, पिवळा झेंडा लागलेला. ज्या गाडीचा धक्का लागून तो गेला ती चालवणारा काही नवखा नव्हता, अमेरिकेतली नॅसकार ही मोठी मोटारशर्यत मालिका तीनदा जिंकलेला माणूस. त्यानंतर आठवड्याच्या आत नॅसकारनं नियम काढला की आग वगैरे नसेल तर अधिकारी सांगेपर्यंत गाडीतच बसायचं. तुमच्या ट्रॅकवरही ड्रायव्हर्स मीटिंगमध्ये दर वेळी हेच सांगतात आणि तू दर वेळी फोनमध्ये बघत असतोस.

झालं, पुन्हा भाषण सुरू झालं माझं. आईला कबूल केलं होतं की पत्रात फक्त ख्यालीखुशाली लिहीन. तर सुमाकाकूचा प्लास्टर निघाला. मागच्या खोलीचं दार अजून लागत नाही.

खरं सांगू, दोन रात्री मला वॉर्ड आठवत नाही, तू आठ वर्षांचा असतानाची गो-कार्टची शर्यत आठवते आहे. तुझ्या पुढच्या मुलाची कार्ट फिरली आणि तू तुझी थांबवून, उतरून, गाड्या सुरू असताना धावत त्याच्याकडे गेलास. हेल्मेट तिरकं, एक हातमोजा गळून पडलेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी तुला खांद्यावर घेऊन पिटभर मिरवलं. तुझी आई मात्र एक शब्द बोलली नव्हती. तेव्हा तिचा रागच आला होता मला. तुला उतरायला कुणी शिकवलं असं शनिवारी मी ओरडून विचारत होतो ना? त्याचं उत्तर मला माहीत होतं.

तू चांगला चालवतोस. हे तोंडावर म्हणायला मला जमत नाही. शनिवारी कुशनवर, म्हणजे वरच्या कडेला साचलेल्या मातीवर, भिंतीला घासून, सगळे खालच्या लाइननं चालवत असताना तू एकट्यानं वरची लाइन धरलीस आणि सहा गाड्या मागे टाकल्यास. 900 च्या आसपास घोडे आणि वजन जेमतेम साडेसहाशे किलो, ते असं हातात ठेवणं मला या जन्मात जमलं नसतं. मी मोजत होतो, सहाच.

सोबत नवे बेल्ट पाठवतो आहे. जुन्यांच्या लेबलवरची तारीख मी टॉर्च लावून पाहिली, दोन वर्षं उलटून गेली आहेत. पट्टा चांगला दिसतो असं म्हणू नकोस. उन्हानं, धुळीनं तो आतून जातो. हान्सवर, म्हणजे मान सांभाळणाऱ्या त्या साधनावर, बसणारे खांद्याचे पट्टे नीट मध्यावर येतात का बघ. 2001 मध्ये डेटोनाच्या शर्यतीत नॅसकारचा डेल अर्नहार्ट दगावला तेव्हा त्याच्या मानेला हान्स नव्हतं. नॅसकारनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तसं काहीतरी लावणं सक्तीचं केलं. तुला ते टोचतं हे माहीत आहे मला.

बेल्ट गुरुवारी बसव. बसवलेस की फोटो पाठव, लेबल दिसेल असा. आणि पुढच्या वेळी कुणी भिंतीत घातलंच तर आतूनच काय हातवारे करायचे ते कर. शिव्या दे. पण बकल धरून बस.

तुझा,
बाबा

ता. क. आग लागली तर मात्र हे सगळं विसर. मिथेनॉलची ज्वाळा दिवसा दिसत नाही, आधी चटका कळतो. तेव्हा कुणाच्या खुणेची वाट बघू नकोस, बाहेर पड.