नक्कल नव्हे, पन्नासावे इंजिन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटनमधल्या ‘टॉर्नेडो’ या वाफेच्या इंजिनावरचा लेख आवडला, फोटो तर झकासच. पण लेखात या इंजिनाला दोनदा ‘नक्कल’ आणि त्यामागच्या खटाटोपाला एकदा ‘निवृत्तांची हौस’ म्हटले आहे, ते काही पटले नाही. माझी सगळी नोकरी पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे धातू ओतायच्या वाळूच्या साच्यासाठी लाकडी नमुने (पॅटर्न) बनवणाऱ्या विभागात, लाकूड तासण्यात गेली, त्यामुळे हे शब्द मला जरा जास्तच टोचले असतील.

आधी नकलेचे बघू. आर्थर पेपरकॉर्न या अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ए-वन वर्गाची (टॉर्नेडो याच वर्गातले) ४९ इंजिने १९४८-४९ मध्ये बांधली गेली आणि पुढे झाडून सगळी भंगारात निघाली. त्यातल्या शेवटच्या क्रमांकाचे इंजिन ६०१६२. १९९० मध्ये कामाला लागलेल्या मंडळींनी २००८ मध्ये डार्लिंग्टनला पुरे केलेल्या इंजिनाला ६०१६३ हा क्रमांक दिला. म्हणजे त्यांच्या लेखी हे पन्नासावे इंजिन, फक्त साठ वर्षे उशिरा आलेले. ड्रॉइंग मूळचीच, यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलेली. नक्कल करायला समोर अस्सल तरी हवे ना!

लेखातले ‘सगळे स्वयंसेवकांनी हाताने घडवले’ हेही तितकेसे खरे नाही. आठवड्याला सव्वा पौंड देणारे असंख्य वर्गणीदार हा या कामाचा खरा कणा. मोठे ओतकाम फाउंड्र्यांकडे गेले, आणि एवढा बॉयलर बांधणारा कारखाना ब्रिटनमध्ये उरला नव्हता म्हणून तो जर्मनीतल्या मायनिंगेनहून आणला. तोही जुन्यासारखा रिव्हेट मारलेला नाही, वेल्डिंगचा. भट्टी तांब्याऐवजी पोलादाची. यात कमीपणा कसला? उलट कोणते काम आपले नाही हे ओळखणे हीसुद्धा कारागिरीच.

आता हौसेबद्दल. ड्रॉइंगवर चाकाचे माप असते. ते ओतकामातून कसे मिळवायचे, हे नसते. ओतलेला धातू निवताना आकसतो. बीड मीटरमागे साधारण १० मिलिमीटर, पोलाद जवळपास दुप्पट. तेवढा पॅटर्न आधीच मोठा करायचा, वर मशीनवर काढायची जाडी वेगळी ठेवायची, आणि वाळूतून उचलताना साच्याची कड मोडू नये म्हणून बाजूंना डोळ्याला जेमतेम दिसेल इतका उतार द्यायचा. टॉर्नेडोचे मोठे चाक सहा फूट आठ इंचांचे. त्याचे आरे बारीक, ते आधी निवतात. मधला गड्डा जाड, तो मागून निवतो आणि आऱ्यांना ओढतो. सांध्यातली गोलाई चुकली की आरा तडकलाच. एवढे निभावले की चाक कातून त्यावर धाव, म्हणजे बाहेरचे पोलादी कडे, चढवायची. ती व्यासाच्या जेमतेम हजाराव्या हिश्शाने लहान ठेवतात, तापवून फुगवतात आणि अलगद बसवतात. निवली की ती जन्माची पकड घेते. यातले बरेचसे कुठल्याच कागदावर नसते. ते एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते, आणि मधली एक पिढी गाळली तर पुन्हा चुकत-माकत शिकावे लागते.

आणि हे काम किती गंभीरपणे होते, याचे लेखात न आलेले उदाहरण म्हणजे ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’. १९५४ मध्ये इंग्लंडमधल्या क्रू या गावच्या कारखान्यात बांधलेले हे आपल्या वर्गातले एकमेव इंजिन. कोळसा खायचे आणि वाफ मात्र द्यायचे नाही, म्हणून कर्मचाऱ्यांत बदनाम. १९६२ मध्ये सेवेतून काढले. एक सिलिंडर संग्रहालयात मांडायला कापून नेला. उरलेला सांगाडा साउथ वेल्समधल्या बॅरीच्या भंगार आवारात जाऊन पडला. १९७४ मध्ये तो स्वयंसेवकांनी विकत घेतला, नसलेले भाग नव्याने घडवून घेतले आणि १९८६ पर्यंत इंजिन चालते केले. भाग बनवायचे म्हणून ड्रॉइंग आणि लोखंड शेजारी ठेवून मोजणे आलेच. त्यात उघड झाले, की भट्टीखालच्या राखपेटीची हवा घेणारी तोंडे मुळात ड्रॉइंगपेक्षा लहान बनली होती. धुराडेही अपुरे होते. आगीचा श्वासच कोंडलेला! हे दोष काढल्यावर तेच बदनाम इंजिन दमदार निघाले. कारखान्यात राहिलेली चूक तीस वर्षांनी सापडली, आणि ती या ‘हौशी’ मंडळींना.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर एवढी विनंती, की धुराचे लोट सोडणाऱ्या इंजिनासोबत एखाद्या चाकाच्या लाकडी पॅटर्नचाही फोटो छापावा. शक्य तर जवळून काढलेला, कडेचा उतार दिसेल असा.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर