दुसऱ्या टोकाला उभं राहायला ये

नाशिक,
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

फोन करणार होतो, पण हे सगळं सलग सांगायचंय, म्हणून लिहायला बसलो.

लीग सुरू होऊन दोन महिने झाले. यंदा 12 टीम आल्या. 30 ओव्हर्स, लेदर बॉल, मॅटिंगची विकेट, सगळं तुला माहीत आहेच. खेळणाऱ्यांना तोटा नाही रे. पण प्रत्येकाची प्रत्येकाशी एक म्हटली तरी 66 मॅच होतात, म्हणजे 132 वेळा कुणीतरी कोट चढवून दिवसभर उन्हात उभं राहायला हवं. आणि अंपायर आहेत तीन, मला धरून. परीक्षा पास झालेली पोरं असोसिएशनच्या मॅचेसना जातात. त्यांनी जायलाच हवं. बाकीच्यांना टेनिस बॉलच्या नाइट स्पर्धांत तीन तासांत आमच्या दिवसभराच्या मानधनापेक्षा जास्त मिळतं. त्यांना तरी काय बोलणार?

मग बॅटिंग करणाऱ्या टीमचाच कुणीतरी पॅड काढून उभा राहतो. तो आपल्या ओपनरला पायचीत देईल का? अख्ख्या मॅचमध्ये एकदाही बोट वर जात नाही. दुसरी टीम बॅटिंगला आली की तीही तेच करते. बोलर स्टंपात टाकायचंच सोडून देतात. 1986 साली लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत आपले पिलू रिपोर्टर आणि रामस्वामी उभे राहिले, ते कात्रण तू वहीत चिकटवलं होतंस. यजमानांच्या अंपायरवर पाहुण्यांचा भरवसा बसेना, म्हणून तिसऱ्या देशाची माणसं बोलावली होती. आमच्या या एवढ्याशा लीगलाही नेमकं तेच हवंय.

पण पत्र लिहितोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. आमच्यात तिसरा होता तो डिप्लोमाला शिकणारा, वीस वर्षांचा पोरगा. नियमांचं पुस्तक सॅकमध्येच असायचं. मागच्या रविवारी अठ्ठाविसाव्या ओव्हरला कॉट बिहाइंडचं अपील झालं, त्यानं नॉट आऊट दिलं. मी स्क्वेअर लेगला होतो, मला कळण्याचा प्रश्नच नव्हता. फील्डिंग टीमचा कॅप्टन चालत त्याच्या तोंडासमोर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “किती घेतलेस?”

पोराचा चेहरा उतरला. चेंडू मोजायला तो एकेक रुपयाची सहा नाणी ठेवतो, डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकतो. त्यातलं एक हातातून मॅटवर पडलं. त्यानं वाकून उचललं, पुसलं, उजव्या खिशात टाकलं आणि “दोन बॉल बाकी” असं सांगितलं. मी काय केलं? लांबूनच “चला, खेळा” म्हणालो.

बंड्या, 2017 पासून नियम 42 आहे. अंपायरला दमदाटी केली तर समोरच्या टीमला 5 रन्स आणि त्या खेळाडूला डावाच्या एक पंचमांश ओव्हर्स बाहेर बसवायचं. आमच्या मॅचमध्ये सहा ओव्हर्स. पण ते दोन्ही अंपायरांनी मिळून करायचं असतं. दुसरा अंपायर मी होतो.

परवा त्या पोराच्या घरी गेलो. त्याच्या आईनं चहा दिला. तो एवढंच बोलला, “काका, त्याचं काही वाटलं नाही. तुम्ही काही बोलला नाहीत.” तेव्हापासून झोप नीट नाही.

मला सारखी आपली कांगा लीगची मॅच आठवते. आझाद मैदान, पाऊस नुकताच उघडलेला, बॉल मध्येच गुडघ्याखाली राहतोय, मध्येच उसळतोय. तुला पायचीत दिलं आणि तू “बॅट लागली” म्हणून ओरडलास. ते म्हातारे अंपायर शांतपणे म्हणाले, “बेटा, मला ऐकू आली नाही.” तू बॅट काखेत मारून तंबूत परत आलास. धुमसत होतास, पण आपल्या कुणाच्याही तोंडून त्यांच्याबद्दल वाईट शब्द निघाला नाही. निघाला असता तर दुसऱ्या टोकाच्या अंपायरनं आपल्याला मैदानावर ठेवलं नसतं.

मी कमिटीत सगळं मांडलंय. त्या कॅप्टनला पुढच्या दोन मॅच बसवलंय, आणि त्यानं पोराच्या घरी जाऊन माफी मागायचीय. मैदानावर माझी चूक झाली हेही मी सगळ्यांसमोर सांगितलं. पोरगा म्हणतो, येईन, पण दुसऱ्या टोकाला बोलणारा माणूस हवा.

असा माणूस माझ्या ओळखीत तूच आहेस. गुडघा दुखतो, माहितीय मला. पण धावायचं नाहीये, स्टंपामागे उभं राहायचंय. महिन्यातले दोन रविवार दे. शनिवारी संध्याकाळी कल्याणला पंचवटी एक्सप्रेस पकड, नाशिकरोडला मी गाडी घेऊन येतो. सोमवारी सकाळच्या पंचवटीनं परत जा. पहिली मॅच त्याच्याबरोबर तू कर. मी स्कोअरला बसतो.

कोट इथं आहे, तुझ्या मापाचा. टोपी तेवढी आण. आणि स्वेटर विसरू नकोस, सकाळी नऊपर्यंत मैदानावर हात गारठतात.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
दिल्या