घासण्याआधी शिक्के वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तूंच्या निगेवर लेख आहे. लोखंडी वस्तू पॉलिश पेपरने घासून लखलखीत करा, असा सल्ला त्यात वाचला आणि पोटात गोळा आला. कड्याकुलपांना तो खुशाल लावा, जुन्या बंदुकीला नको. आमच्या घरी हेच झाले आहे.

माझे सासर स्वीडनमध्ये, व्हेटर्न सरोवराच्या दक्षिणेला. सासऱ्यांकडे त्यांच्या आजोबांची दुनळी बंदूक आहे, बाहेर घोडे, म्हणजे बार उडवणाऱ्या हातोड्या, असलेली. ती सशांच्या शिकारीची. नळीवर मुकुटाचा शिक्का आहे, म्हणून राजाने ती बक्षीस दिली आणि तीही १८७०च्या सुमारास, अशी घरात कथा. दस्त्यावर कुत्र्याच्या दातांच्या खुणा आहेत, त्या मात्र खऱ्या.

गेल्या हिवाळ्यात सासऱ्यांनी ती कपाटातून काढली. आधी दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते पाहिले, मग नळ्यांखालचे पुढचे लाकूड काढून नळ्या सुट्या केल्या. खरी जन्मपत्रिका तिथे, नळ्यांच्या बुडाशी सपाट भागावर असते. मुकुट आणि त्याखाली एच, म्हणजे हुस्कवर्ना कारखान्याची खूण. त्यांच्या हजारो बंदुकांवर मुकुट आहे, राजाने किती जणांना वाटल्या असतील! शेजारी १६ हा आकडा. नळीच्या मापाच्या शिशाच्या १६ गोळ्या मिळून एक पौंड भरतात, तो हा १६.

आणि तिसरा शब्द, नोबेलक्रूत. म्हणजे नोबेलची बंदुकीची धूररहित दारू; नळी त्या दारूने तपासली आहे, असे तो शिक्का सांगतो. आल्फ्रेड नोबेलने तिचे पेटंट १८८७मध्ये घेतले. मग त्या दारूसाठी पारखलेली नळी १८७०ची कशी असेल? कथा तिथेच मोडली. कायद्याच्या बाजूनेही ते महत्त्वाचे होते. स्वीडनमध्ये १८९०पूर्वीच्या आणि अखंड काडतूस (दारू, छर्रे आणि ठिणगीची टोपी एकत्र असलेले) न वापरणाऱ्या बंदुकांना परवान्यातून सूट आहे, आमची अशा काडतुसाची, म्हणून त्यात बसत नाही. पुढे ती नवऱ्याकडे आली की पोलिसांकडून त्याला स्वतःच्या नावाचा परवाना घ्यावा लागेल.

आता रडगाणे. बंदुकीवरच्या कारखान्याच्या क्रमांकावरून वर्ष काढता येते, पण आमच्या क्रमांकातला एक आकडाच नाही. एका नातेवाइकाने 'गंज काढतो' म्हणून तो भाग घासून साफ केला होता. भिंग लावले, कागदावर पेन्सिलने छाप घेतली, बाजूने टॉर्च धरला. आकडा ३ की ८, अजून वाद चालू आहे. हलके तेल आणि मऊ कापड, एवढ्यावर भागले असते.

एक गोष्ट लेखात यायला हवी होती. जुन्या १६ मापाच्या बंदुकीचे काडतूसघर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, बहुधा ६५ मिलिमीटर लांब, आजची काडतुसे ७०ची. ती आत जातात, पण उडताना काडतुसाचे दुमडलेले टोक पूर्ण उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. म्हणून बंदूक नीट मापून घेतल्याशिवाय कोणी हौसेनेही बार काढू नये.

आत्येसासूबाईंना मुकुटाचा उलगडा सांगितला. त्यांचे म्हणणे, कारखाना १६८९मध्ये राजाच्याच हुकुमाने निघाला ना, मग बंदूक राजाचीच.

आपली,
एक वाचक, यॉनशपिंग (स्वीडन)