लेझर मशीन घ्या, पण धूर कुठे सोडणार ते आधी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की 'घरबसल्या लेझर कटिंगचा धंदा' छापाचे लेख आणि जाहिराती सुरू होतात, आपल्या रविवारच्या पुरवणीतही असा एक लेख आला. त्यात कमाईचं होतं, डिझाइनचं होतं, मुद्रा लोनचं होतं, धुराबद्दल मात्र एक ओळ नाही. मी हेच काम करतो, एमडीएफचे मखर, नेमप्लेट, किचेन, रुखवताचं सामान वगैरे. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून मखराला मागणी वाढलीय हे खरंय आणि नवीन लोकांनी यात यावं असंच मला वाटतं. पण विचारायला येणारा जो तो 'किती वॉटचं घेऊ' एवढंच विचारतो, धूर कुठे सोडू हे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि ते धरून ठेवणारा रेझिनचा गोंद, बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइडचा. लेझर काही करवतीसारखं कापत नाही, ते जाळत जातं, त्यामुळे धूर नुसता लाकडाचा नसतो, गोंदाचाही असतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. मशीनसोबत जो छोटा फॅन येतो तो धूर मशीनमधून काढून तुमच्याच खोलीत सोडतो. फ्लॅटमध्ये बेडरूमच्या खिडकीला पाइप लावून बरेच जण मोकळे होतात, मग तो धूर वरच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीत जातो आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण. कार्बन फिल्टर मिळतात पण एमडीएफचा चिकट धूर ते फार लवकर चोंदवून टाकतो, आणि फिल्टर बदलायचा खर्च कमाईच्या हिशोबात कोणीच धरत नाही.

एमडीएफचं तरी निभावतं एक वेळ. सनबोर्डला मात्र हात लावू नका!! आपल्याकडे बोर्ड-बॅनरवाल्यांकडे जी पांढरी हलकी फोम शीट मिळते ती बहुतेक पीव्हीसी असते, रेक्झिन पण कापडावर पीव्हीसीचा थरच असतो, आणि पीव्हीसीवर लेझर मारलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. ओलावा मिळाला की त्याचं ॲसिड होतं, ते फुफ्फुसात पण होतं आणि मशीनच्या रेल, बेअरिंग, लेन्सवर पण, मशीन गंजायला लागतं. आणि गिऱ्हाईक तर येणारच, 'दादा हे सनबोर्ड आहे, एवढी अक्षरं कापून द्या ना' म्हणत. प्लास्टिक कुठलं ते कळत नसेल तर तांब्याची तार लालभडक तापवायची, त्या तुकड्याला टेकवायची, परत ज्योतीत धरायची, ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे असं समजून तो तुकडा परत द्यायचा. हे घराबाहेर मोकळ्यावर करा, एवढासा तुकडा घेऊन.

दुसरं डोळ्यांचं. हल्ली फोनच्या किमतीत जी उघडी डायोडवाली मशीन मिळतात त्यांचं निळं लेझर साधारण ४५० नॅनोमीटरचं असतं, ते थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत जातं, चकचकीत पत्र्यावरून परावर्तित झालेला किरणसुद्धा पुरतो. त्याच्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचा डबा बनवून काही लोक निर्धास्त होतात, पण निळा किरण त्या ॲक्रिलिकमधून आरपार जातो, म्हणून तर त्या मशीनवर क्लिअर ॲक्रिलिक कापलं जात नाही. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरचं उलटं आहे, त्याचा किरण १०.६ मायक्रॉनचा, दिसत नाही पण ॲक्रिलिकमध्ये शोषला जातो, त्यामुळे त्याला ॲक्रिलिकचं झाकण चालतं. तर गॉगल आणि झाकण आपल्या लेझरच्या तरंगलांबीचं आहे का ते बघून घ्या. वॉटचा घोळ पण आहे, डायोडच्या जाहिरातीतले '४० वॉट' बऱ्याचदा मशीन खाते त्या विजेचे असतात, प्रत्यक्ष किरण पाच वॉटचा.

सीओटू लेझर शोधणारे कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले आणि नंतर अमेरिकेत बेल लॅब्समध्ये त्यांनी १९६४ च्या सुमारास हे काम केलं. ही माहिती पुरवणीत चौकट करून छापायला हरकत नव्हती, पण असो. त्या लेझरची काचेची ट्यूब गार ठेवावी लागते, पाणी २५ डिग्रीच्या वर गेलं की पॉवर पडते आणि ट्यूबचं आयुष्य कमी होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नळाचंच पाणी गरम येतं, तिथे बादलीत पंप टाकून कसं भागणार. स्वस्तातला चिलर (पाणी गार करायचं यंत्र) म्हणून जो विकतात तो कधीकधी नुसता रेडिएटर आणि फॅन असतो, खोलीपेक्षा गार तो करूच शकत नाही, कॉम्प्रेसरवाला आहे का ते विचारा. बोअरचं पाणी घालू नका, क्षार बसतात, डिस्टिल्ड वापरा. आणि ट्यूबला जाणारा करंट पंधरा-वीस हजार व्होल्टचा असतो, जुन्या वाड्यांत, चाळींत अर्थिंगची पिन नुसती शोभेला असते, तिथे आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मशीन नंतर. आणि मशीन चालू ठेवून चहाला जायचं नाही, ॲक्रिलिक पेट घेतं.

मग घरी करायचंच नाही का? करा की. पण सुरुवातीला डिझाइन घरी करा आणि कटिंग जॉबवर्कने करून घ्या, मिनिटाच्या हिशोबाने कापून देणारे बऱ्याच शहरांत आहेत. धंद्यातलं खरं कसब डिझाइनमध्येच आहे. देवनागरी नाव कापताना शिरोरेघेमुळे सगळी अक्षरं एकत्र राहतात हा आपला फायदा, इंग्रजीत एकेक अक्षर सुटं पडतं, पण त्यासाठी अक्षरांच्या कडा आधी डिझाइनमध्ये वेल्ड कराव्या, म्हणजे जोडून एकच आकार कराव्या लागतात नाहीतर मशीन शिरोरेघ प्रत्येक अक्षरापाशी तोडतं, आणि अनुस्वार तर हमखास खाली पडतो, त्याला बारीक दांडी काढून जोडून घ्यावा लागतो. हे शिकायला इंकस्केप नावाचं डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मशीन लागत नाही.

ऑर्डर येतात असं दिसलं की मग जागा बघा, गावाकडे पत्र्याची शेड, शहरात तळमजल्याचा गाळा, जिथून पाइप छताच्या वर नेता येईल. आणि सरकारला सांगायचं तर पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनची सगळ्यांसाठीची कार्यशाळा आहे, खेड्यातली मुलं तिथे असली मशीन वापरायला शिकतात. तसं एकेक लेझर मशीन तालुक्याच्या आयटीआयमध्ये, नीट एक्झॉस्ट लावून, तासाच्या भाड्याने ठेवलं तर किती बायकांना आणि पोरांना कर्ज काढून बेडरूममध्ये मशीन बसवायची वेळ येणार नाही. लोन देताना जागेचा फोटो मागतात, त्यातच धुराचा पाइप कुठून जातो तेही विचारायला काय हरकत आहे.

पुढच्या पुरवणीत निदान सनबोर्डबद्दल दोन ओळी छापाव्यात ही विनंती.

आपला,
एक लेझर कटिंगवाला, नाशिक

ता. क. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी साइटवर आधार नंबर टाकून फुकट होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.