गाठ, मीठ आणि कर्ज

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागून विचारलंस, "मिठाच्या पाण्यालाही सोल्युशन आणि गणिताच्या उत्तरालाही सोल्युशन, असं का?" तेव्हा मी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. मग चैन पडेना, म्हणून कोश काढून बसलो.

मूळ लॅटिन क्रियापद 'सोल्वेरे'. 'से' म्हणजे वेगळं, 'लुएरे' म्हणजे सैल करणं. गाठ असो की बेडी, ती सोडवणं हा त्याचा अर्थ. इंग्रजीत 'सॉल्व्ह' १४व्या शतकाच्या अखेरीस आला, तोही सैल करणं, विरघळवणं याच अर्थाने. कोडं सुटणं मागाहून आलं.

आता मीठ घे. त्याच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोराइडचे आयन एकमेकांना घट्ट धरून असतात. पाण्याचे रेणू भोवती गोळा होतात आणि एकेकाला ओढून बाजूला काढतात. मीठ नाहीसं होत नाही, सुटं होतं. पाणी आटवलंस की पुन्हा हजर. रोमन माणसाला आयनांचा पत्ता नव्हता, तरी शब्द कसा चपखल बसला बघ.

खरी गंमत पुढे आहे. रोमन लोक देणं चुकवण्यालाही 'सोल्वेरे'च म्हणत. म्हणून देणी भागवू शकणारी बँकही 'सॉल्व्हंट' आणि प्रयोगशाळेतला विरघळवणारा द्रवही 'सॉल्व्हंट'. हे वाचलं आणि एकदम आपलं 'फेडणे' आठवलं! गाठ फेडतात, नेसलेलं वस्त्र फेडतात आणि कर्जही फेडतात. शिवाय कर्ज फिटतं तशी शंकाही फिटते. लॅटिनकडून काही उसनं न घेता आपण त्याच वाटेने गेलो.

संस्कृतने मात्र उलटी वाट धरली. हिंदीत सोल्युशनला 'समाधान' म्हणतात. मराठीत समाधान म्हणजे तृप्ती. जुना अर्थ 'शंकासमाधान'मध्ये तेवढा उरलाय. सम् + आ + धा, म्हणजे नीट एकत्र ठेवणं. 'समाधी' त्याच धातूची. लॅटिन सोडवते, संस्कृत जुळवते. मला दोन्ही पटतात. तुझी गणितं बघता आधी सोडवलेलं बरं!

'द्रावण' या शब्दात गाठबीठ काही नाही. तो 'द्रु'पासून आला, म्हणजे धावणं, वाहणं. मराठीतून शिकली असतीस तर द्रावण वेगळं, उत्तर वेगळं. हा प्रश्न तुला पडलाच नसता आणि माझी संध्याकाळही इतकी छान गेली नसती.

आता एक काम तुझ्याकडे. सभेतला ठरावही 'रेझोल्यूशन' आणि पडद्यावरच्या चित्राचा बारकावाही 'रेझोल्यूशन'. हे कसं, ते शोधून कळव. रविवारी फोन करीन.

तुझा,
बाबा