प्रोग्रॅमरला यंत्राशी पुन्हा ओळख करून घ्यावी लागेल

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

माणसाने यापुढे प्रोग्रॅमिंग शिकावे की नाही, या चर्चेत सारा भर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या कोडवर असतो. ते कोड ज्या यंत्रावर चालायचे, ते यंत्रच गेल्या वीस वर्षांत आतून बदलले आहे, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. मी अनेक वर्षे प्रोग्रॅमिंग शिकवले आहे, आणि आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांपुढे संगणकाचे जे चित्र उभे करतो ते आज खरे राहिलेले नाही, असे माझे मत झाले आहे.

चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल, हा अंदाज गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडला आणि १९७५ मध्ये तो दर दोन वर्षांवर आणला, हे बहुतेकांना ठाऊक असते. प्रोग्रॅमरांचे खरे भले मात्र रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या दुसऱ्या एका नियमाने केले. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपवरील वीज चालू-बंद करणारा सूक्ष्म घटक, लहान केला की त्याचे व्होल्टेजही उतरवता येते, आणि म्हणून तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालवले तरी चिप जास्त तापत नाही, असा तो नियम होता. २००५ च्या सुमारास ही सोय संपली, कारण इतके लहान ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवणे परवडेना. तोवर आमचा व्यवसाय, स्पष्टच सांगायचे तर, आयत्या वेगावर पोसला गेला होता. प्रोग्रॅम संथ असेल तर नवे यंत्र येईपर्यंत वाट पाहावी, म्हणजे एक ओळही न बदलता तो आपोआप जलद धावे.

क्लॉकचा, म्हणजे प्रोसेसर ज्या ठोक्यावर चालतो त्याचा, वेग वाढेना तेव्हा उत्पादकांनी एकाच चिपवर अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे प्रोसेसर, बसवले. पण काम वाटून घेण्यालाही मर्यादा असते. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार, कामाचा पाच टक्के भाग जरी एकामागून एक असाच करावा लागत असेल, तरी हजारो कोअर जोडूनही एकूण वेग वीस पटींपलीकडे जात नाही.

याहून मोठा आणि कमी बोलला जाणारा प्रश्न मेमरीचा आहे. मेमरीच्या कोणत्याही खणातून माहिती काढायला सारखाच वेळ लागतो, असे आम्ही फळ्यावर शिकवतो. प्रत्यक्षात प्रोसेसरच्या अगदी जवळच्या कॅशमधून, म्हणजे छोट्या पण जलद साठ्यातून, माहिती साधारण एका नॅनोसेकंदात मिळते, तर मुख्य मेमरीतून ती आणायला त्याच्या जवळजवळ शंभरपट वेळ जातो, आणि त्या अवधीत प्रोसेसरला शेकडो आकडेमोडी करता आल्या असत्या. शिवाय माहिती सुटी येत नाही, ती बहुधा ६४ बाइटच्या गठ्ठ्याने येते. सी भाषेत द्विमितीय अॅरे, म्हणजे आकड्यांचा तक्ता, मेमरीत ओळीमागून ओळ असा ठेवलेला असतो. त्यामुळे एखादा मोठा अॅरे ओळीओळीने बेरीज करत वाचला तर एका गठ्ठ्यात चार बाइटचे सोळा आकडे हाती लागतात. तोच अॅरे स्तंभांप्रमाणे वाचला तर प्रत्येक आकड्यासाठी नवा गठ्ठा मागवावा लागतो. बेरजा तेवढ्याच, उत्तर तेच, पण वेळेत कित्येक पटींचा फरक पडतो. वहीवर बेरजा मोजून हा फरक कधीच दिसत नाही, आणि आमच्या परीक्षा तर वहीवरच होतात.

एमआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखातील उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. ४०९६ ओळी आणि तितकेच स्तंभ असलेल्या दोन मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांचा, गुणाकार पायथॉन या भाषेत सरळ पद्धतीने लिहिल्यावर सुमारे सात तास लागले. त्याच यंत्रावर शेवटी तो अर्ध्या सेकंदाच्या आत झाला. यात भाषा बदलून सी वापरल्याने सुमारे ४७ पटींचा लाभ झाला. त्यापुढचा हजारपटींहून अधिक लाभ मात्र काम अठरा कोअरमध्ये वाटणे, माहितीचे कॅशमध्ये मावतील असे तुकडे पाडणे आणि एकाच आज्ञेत अनेक आकडे हाताळणे यांतून आला. भाषांच्या श्रेष्ठत्वावरून वाद घालण्यात आम्ही जी शक्ती घालवतो, तिच्याकडे या आकड्यांच्या उजेडात पाहावे.

हे सारे कंपाइलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, करील, असे यावर म्हटले जाते. काही अंशी तो करतोही. परंतु सी भाषेत स्ट्रक्चरमधील, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या संचातील, घटकांचा क्रम बदलण्याची त्याला परवानगीच नाही. आणि दशांश अपूर्णांकांच्या बेरजेत क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात, म्हणून तीही तो स्वतःहून अनेक कोअरमध्ये वाटत नाही. तेवढा फरक चालेल की नाही, हे काम कशासाठी आहे हे जाणणाऱ्यानेच ठरवायचे असते. यंत्राने लिहिलेल्या कोडलाही हेच लागू आहे, कारण ते तपासणाऱ्याला बरोबर उत्तर देणाऱ्या दोन प्रोग्रॅमांपैकी एक शंभरपट वीज का खातो, हे कळायला हवे.

यापुढे तर एकच सर्वसाधारण प्रोसेसर सगळी कामे करील, हेही गृहीत धरता येणार नाही. ग्राफिक्ससाठी बनलेल्या चिप २००७ पासून एनव्हिडियाच्या कूडा या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेमुळे इतर गणनांसाठी सर्रास वापरता येऊ लागल्या. गूगलने २०१५ पासून आपल्या माहिती केंद्रांत वापरलेल्या पहिल्या टीपीयूमध्ये, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणनांसाठी बनवलेल्या चिपमध्ये, तर केवळ आठ बिटांचे गुणाकार करणारे ६५,५३६ घटक होते. अशा चिपवर कोणते काम सोपवावे आणि तिच्यापर्यंत माहिती नेण्याचा खर्च परवडतो का, हा हिशेबच प्रोग्रॅमरच्या कामाचा मोठा भाग होत जाईल.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी सूचना साधी आहे. पहिल्याच वर्षी, लूप शिकवून झाल्यावर, वर सांगितलेला अॅरेचा प्रयोग विद्यार्थ्यांकडून घड्याळ लावून करून घ्यावा आणि कारण लगेच न सांगता त्यांना आठवडाभर ते शोधू द्यावे. त्यासाठी नवे उपकरण लागत नाही आणि प्रोग्रॅमही वीस ओळींच्या आत बसतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक